वाटेतील विघ्ने आणि विश्वास

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती घरांतून गव्हाणीचा देखावा मांडला जातो. गवताच्या काड्यांचे छप्पर, पुठ्ठ्याचा तारा, मातीचे मेंढपाळ, उंटांवरून आलेले ज्ञानी पुरुष आणि मधोमध निजलेले बाळ. हा देखावा इतका सुबक आणि शांत असतो की, त्याच्यामागे एका फसत गेलेल्या प्रवासाची हकीकत आहे, याचा आपणांस विसर पडतो. कैसर औगुस्ताची नावनिशीची आज्ञा सुटली म्हणून योसेफाला नासरेथ सोडून बेथलेहेमाची वाट धरावी लागली. सोबत दिवस भरत आलेली मरिया. गावी पोहोचावे तो उतारशाळेत जागा नाही. जगाचा तारणारा जन्मला तो कोणी आधी सजवून ठेवलेल्या ठिकाणी नव्हे. अडचणीच्या वेळी जी जागा मिळाली त्या जागी जन्मला.

ज्ञानी लोकांचा प्रवासही सरळ झाला नाही. ताऱ्याचा माग घेत निघालेले हे विद्वान प्रथम चुकीच्या दारी गेले. राजा जन्मला म्हणजे तो राजधानीतच असणार, अशा समजुतीने ते यरुशलेमेत पोहोचले आणि बातमी हेरोदाच्या कानी गेली. त्यातून बेथलेहेमच्या निष्पाप बालकांवर जो अनर्थ ओढवला, तो शुभवर्तमानकाराने लपवून ठेवलेला नाही. ज्ञानी लोक दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परतले आणि योसेफ माता व बालक यांना घेऊन रात्रीच मिसर देशाकडे निघाला.

सारांश, नाताळची कथा ही वाटेवरच्या माणसांची आणि वाटेतील विघ्नांची कथा आहे. म्हणूनच या सणाच्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. देवाच्या कामासाठी निघालेल्या माणसाची गाडी मध्येच अडली, तर त्याने काय समजावे?

आमच्या मंडळ्यांत साक्ष देण्याची प्रथा आहे. सेवेच्या दौऱ्यावरून परतलेली माणसे रविवारच्या उपासनेत उभी राहतात आणि देवाने वाटेत कसे सांभाळले ते सांगतात. गाडी चुकली, पण त्यामुळेच फलाटावर एक दुःखी माणूस भेटला. चाक पंक्चर झाले, पण जेथे झाले तेथेच मदतीचा हात पुढे आला. या साक्षी खोट्या नसतात. त्या ऐकून अनेकांना धीर येतो आणि तो मलाही आलेला आहे. परंतु वय वाढत गेले तसा एक प्रश्न मनाला बोचू लागला. चुकलेल्या गाडीला पुढे अपघात झाला आणि आपण वाचलो, असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा ती गाडी ज्यांना मिळाली त्यांचे काय? ते देवाला नकोसे होते काय? आपल्या सुटकेचा हिशेब मांडताना दुसऱ्याच्या मरणाची बाजू कोरी ठेवणारा विश्वास अपुरा होय, असे मला वाटते.

वऱ्हाडात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. कारण येथील ख्रिस्ती सेवेचा इतिहास हा बराचसा वाटांचाच इतिहास आहे. १८६७ साली लोहमार्ग अकोला आणि बडनेरा मागे टाकून नागपुरास पोहोचला. तरी स्थानकावर उतरल्यानंतरची वाट बैलाच्या खुरांनीच तुडवावी लागे. वऱ्हाडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाक एकदा रुतले की बैल हतबल होत आणि माणसांना खांदा द्यावा लागे. पूर्णेला पूर आला की अकोट आणि अकोला ही शेजारची गावे जणू दोन मुलखांतली होऊन जात. अकोल्यास अलायन्स मिशनचे मोठे ठाणे होते. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात अकोल्यास अनाथ मुलांना आणि खामगावास अनाथ मुलींना आसरा मिळाला. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांची सेवा उभी राहिली. ही कामे करणारी माणसे छकड्यातून, दमणीतून, पायी आणि पुढे पुढे सायकलवरून फिरली. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत चालत होती; आता तीही थांबली. त्या गाडीने प्रवास केलेल्यांना ‘वेळेवर पोहोचणे’ ही मानवी इच्छा आहे, रेल्वेचे वचन नव्हे, हे कोणी वेगळे शिकवावे लागले नाही.

या विषयावर मी लिहितो आहे त्याला एक खासगी कारण आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९८३ च्या डिसेंबरातली गोष्ट. अमरावतीहून आम्ही पाच जण एका भाड्याच्या जीपने मेळघाटाकडे निघालो होतो. सोबत एक वृद्ध पाळकसाहेब, दोन तरुण, ड्रायव्हर आणि मी. जीपमध्ये घोंगड्या, औषधांची पेटी, बाजाची पेटी आणि मुलांसाठी खाऊ. धारणीच्या वाटेवर एका लहान वस्तीत पाचसात ख्रिस्ती कुटुंबे राहत. त्या संध्याकाळी तेथे नाताळची उपासना ठरली होती. तेथील एक जुने शिक्षक फार आजारी होते. पाळकसाहेबांच्या हातून प्रभुभोजन घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा असल्याचा निरोप आला होता. दौऱ्याची सारी व्यवस्था माझ्याकडे होती.

परतवाड्याला चहासाठी थांबलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, पुढच्या चाकातून खरखर येते. मिस्त्रीला दाखवू.” मिस्त्रीने चाक हलवून पाहिले आणि बेअरिंग गेल्यात जमा आहे, चाक खोलावे लागेल, दोन तास लागतील, असे सांगितले. मी घड्याळ पाहिले. दोन तास थांबलो तर उपासनेची वेळ टळत होती. मी म्हणालो, “प्रभूच्या कामाला निघालो आहोत. काही होणार नाही. चला.” पाळकसाहेब काही बोलले नाहीत. तरुणांनी मोठ्याने ‘आमेन’ म्हटले. ड्रायव्हर निमूटपणे गाडीत बसला.

घटांग मागे पडले आणि अंधार झाला. थोड्याच वेळात ते चाक जागच्या जागी धरले गेले. जीप खडकाला टेकून थांबली म्हणून बरे; दुसऱ्या बाजूला खोल दरी होती. आम्ही खाली उतरलो आणि प्रार्थना केली. देव आता दुसरी गाडी पाठवील, असे तरुणांपैकी एकाने खात्रीने सांगितले. एक ट्रक आला आणि न थांबता निघून गेला. दुसरा आला, तोही गेला. तिसरा आलाच नाही. थंडी हाडांत शिरू लागली. तेव्हा ड्रायव्हरला दूरवर जाळ दिसला आणि त्या दिशेने चालत आम्ही एका कोरकू पाड्यावर पोहोचलो.

त्या पाड्यावर आम्हांला कोणी ‘तुम्ही कोण’ असे विचारले नाही. एका म्हाताऱ्याने शेकोटीभोवती जागा करून दिली. घरातल्या बाईने भाकरी आणि तिखटाचा गोळा आणून दिला. तेवढ्या भाकरी त्या घरातील सकाळच्या होत्या, हे पहाटे त्यांची पोरे उपाशी खेळताना पाहिली तेव्हा आमच्या ध्यानात आले. आम्ही आणलेल्या घोंगड्या, औषधे, खाऊ सगळे तिकडे जीपमध्ये होते. देण्यासाठी निघालेले आम्ही रात्रभर केवळ घेत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाकडाच्या एका ट्रकमधून आम्ही त्या वस्तीत पोहोचलो. शिक्षक पहाटेच गेले होते. त्यांची मुलगी दारात बसली होती. आता ही आपल्याला काय म्हणेल, या विचाराने माझे पाय जड झाले. पाळकसाहेबांना पाहून ती उठली आणि म्हणाली, “तुमी आले नाई तं मीच बाच्या तोंडात भाकरीचा तुकडा अन् पानी टाकलं. प्रभूची प्रार्थना म्हनली. मंग बा शांत झाला.” तिच्या शब्दांत तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपे गेले असते.

दफनविधी आटोपून परत निघालो तेव्हा मी पाळकसाहेबांना विचारले, “देवाने असे का केले असेल?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाबा, गाडी देवाने थांबवली नाही. ती आपण परतवाड्याला थांबवायला हवी होती. मीही बोललो नाही, म्हणून दोष माझाही आहे.” नाताळच्या आदल्या रविवारी मंडळीत मला साक्ष द्यायची होती. ते त्यांना कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “साक्ष देणार असाल तर मिस्त्रीपासून द्या.”

मी तसे केले नाही. मी घाटातला अंधार सांगितला, पाड्यावरची शेकोटी सांगितली, त्या मुलीचा विश्वास सांगितला. लोकांचे डोळे पाणावले. मिस्त्रीचे दोन तास मात्र मी गाळले. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पाळकसाहेब केव्हाच प्रभूकडे गेले. ती राहिलेली साक्ष आज या ओळींतून देत आहे.

त्या रात्रीनंतर पवित्र शास्त्रातील एक प्रसंग मी वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटी पौलाच्या समुद्रप्रवासाची हकीकत आहे. पौल कैदी म्हणून रोमकडे चालला होता. हंगाम उलटून गेला होता आणि पुढे जाणे धोक्याचे आहे, असे त्याने स्पष्ट बजावले होते. पण शताधिपतीने त्याच्यापेक्षा नाखुदाचे आणि तारवाच्या मालकाचे म्हणणे अधिक मानले. मग वादळ उठले. चौदा रात्री तारू भरकटत राहिले. तारवावर २७६ माणसे होती. कोणाच्याही जिवाची हानी होणार नाही, असे आश्वासन पौलाला मिळाले. परंतु तारू वाचेल, असे आश्वासन मिळाले नाही, आणि ते वाचलेही नाही. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, कोणी तारवाच्या मोडक्या भागांवर तरंगत किनाऱ्याला लागले.

या हकीकतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, विश्वासू पौलाने सावधगिरीचा सल्ला आधी दिला. सावधगिरी म्हणजे अविश्वास, असे त्याला वाटले नाही. दुसरी ही की, देवाचे आश्वासन मिळाल्यानंतरही तो हात जोडून बसला नाही. खलाशी लहान होडी सोडून पळू पाहत होते, तेव्हा ते तारवावर राहिले नाहीत तर कोणी वाचणार नाही, हे त्याने शिपायांना सांगितले. उपाशी माणसांना आग्रहाने जेवायला लावले. तिसरी गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टात, पावसाने भिजलेल्या आणि गारठलेल्या या लोकांचे स्वागत तेथील रहिवाशांनी शेकोटी पेटवून केले. ते पौलाच्या धर्माचे नव्हते. आणि पौलाने काय केले? तो त्या जाळासाठी काटक्या गोळा करू लागला. जगभर सुवार्ता सांगणारा प्रेषित परक्यांच्या जाळावर शेकत होता आणि त्यांच्यासाठी सरपण वेचत होता. घटांगच्या पुढचा तो पाडा मला या ओळींत दिसतो. फरक एवढाच की, त्या रात्री आमच्यापैकी कोणी काटक्या वेचल्या नाहीत.

यावर कोणी म्हणेल, मग वाटेतील विघ्नांतून देव काही चांगले घडवीत नाही काय? घडवितो. त्याची उदाहरणे आपल्या मराठी मुलखातच आहेत. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. पोट भरण्याच्या विवंचनेतला तो प्रवास. आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. काव्यावर बोलणे निघाले, तेथून धर्मावर गेले. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती दिली. १८९५ च्या १० फेब्रुवारीस मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि मराठी ख्रिस्ती समाजाला आपला कवी मिळाला. त्या डब्यात कोणी व्यासपीठ उभारले नव्हते. शेजारी बसलेल्या माणसाशी एका माणसाने आदराने बोलणे केले, इतकेच घडले.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून वाचविलेल्या मुली व विधवा यांना घेऊन पुण्याकडे परतल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगचे थैमान सुरू झाले होते. सरकारी निर्बंधांमुळे एवढ्या मुलींना शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय करावी लागली आणि तेथेच पुढे मुक्तिसदन उभे राहिले. आता या घटनेवरून ‘मुक्तिसदन व्हावे म्हणून देवाने पुण्यात प्लेग पाठविला’ असे म्हणणे मला अशक्य आहे. रमाबाईंनीही स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळातल्या भटकंतीत गमावली होती. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ स्वतःच्या यशाच्या सोयीने लावणे त्यांच्यासारख्या बाईला जमले नसते. वाट बंद झाली तेव्हा सोबतच्या मुलींचा हात त्यांनी सोडला नाही. त्या न सोडलेल्या हातात मला देव दिसतो. प्लेगमध्ये दिसत नाही.

माझ्या मते भेद येथेच आहे. विघ्न देवाने घातले की नाही, याचा शोध घेणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे आणि बहुधा निष्फळही आहे. विघ्नात आपल्यासमोर कोण उभे आहे, हे मात्र आपल्याला दिसते. ‘देवावर भरवसा’ याचा अर्थ आपले वेळापत्रक देव सांभाळील असा नव्हे. वेळापत्रक मोडले तरी देव आपल्याला सोडणार नाही आणि आपणही समोरच्याला सोडू नये, असा त्याचा अर्थ आहे. प्रभू येशूला सैतानाने मंदिराच्या शिखरावर उभे करून खाली उडी टाकण्यास सुचविले आणि देवदूत झेलतील, असे शास्त्राच्याच आधाराने सांगितले. प्रभूने ती उडी नाकारली. देवाची परीक्षा पाहणे आणि देवावर विश्वास ठेवणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. आतून त्या परस्परविरुद्ध आहेत. परतवाड्याला मी जे बोललो ते कानाला विश्वासासारखे वाटत होते. खरे पाहता ती घाई होती, आणि घाईवर मी देवाच्या नावाचे पांघरूण घातले होते.

मग प्रार्थना कशासाठी, असाही प्रश्न येतो. त्या रात्री आम्ही केलेली प्रार्थना वाया गेली काय? आम्ही गाडी मागितली होती, ती मिळाली नाही. पण त्या मुलीनेही त्याच रात्री प्रार्थना केली होती. तिच्याकडे ना पाळक होता, ना प्रभुभोजनाचा प्याला. तिच्याजवळ भाकरीचा तुकडा, पाणी आणि लहानपणी पाठ केलेले शब्द होते. तिच्या बापाला आम्ही जे द्यायला निघालो होतो, ते देवाने आमच्यावाचून दिले, असे मी मानतो. ही श्रद्धा आहे. तिने माझी चूक पुसली जात नाही. देवाने सांभाळून घेतले म्हणून आपण बेफिकीर राहिलो ते बरोबरच झाले, असे म्हणणे ही कृपेची विटंबना होय.

हा विचार केवळ ख्रिस्ती मनाचा आहे असेही नव्हे. अमरावतीहून परतवाड्याला जाताना वलगावजवळ पेढी नदीचा पूल लागतो. १९५६ साली २० डिसेंबरला, नाताळच्या पाच दिवस आधी, अमरावतीकडे येत असता या पुलावर संत गाडगेबाबांनी देह ठेवला. आयुष्यभर चालत राहिलेला हा वऱ्हाडचा सत्पुरुष वाटेवरच गेला. गाडगेबाबांची रीत सर्वांना ठाऊक आहे. गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे, गाव झाडायचे, आणि मग रात्री कीर्तन. देवाचे नाव मुखी आहे म्हणून उकिरडा आपोआप नाहीसा होईल, असे त्यांनी कधी सांगितले नाही. आमची जीप त्या दिवशी याच पुलावरून गेली होती. पूल ओलांडताना बाजाच्या पेटीवर नाताळची गीते चालली होती. खराट्याची आठवण आमच्यापैकी कोणालाही झाली नाही.

आज वाटा पुष्कळ सुधारल्या आहेत. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरच्या पट्ट्याचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरे करून जागतिक विक्रमाची नोंद झाली. खिशात फोन आहे, त्यावर नकाशा आहे. तरीही डिसेंबर आला की आमच्या मंडळ्यांच्या गाड्या तशाच घाईने निघतात. आठ जणांच्या गाडीत बारा जण बसतात. रात्री उपासना आटोपून पहाटेपर्यंत परतण्याचा हट्ट असतो. आदल्या रात्री न झोपलेल्या ड्रायव्हरला आपण ‘प्रार्थना केली आहे, काळजी करू नका’ असे सांगतो. ड्रायव्हरही सेवेतला सोबती आहे, त्याची झोप आणि त्याचे जेवण ही मंडळीची जबाबदारी आहे, असे किती ठिकाणी मानले जाते? रस्ता चांगला झाल्याने वेग वाढला. वेगाबरोबर विवेक वाढला नाही, तर चांगला रस्ता अधिक घातक ठरतो.

म्हणून या नाताळात सेवेसाठी बाहेर पडणाऱ्या तरुण मित्रांना हात जोडून सांगावेसे वाटते. निघण्यापूर्वी प्रार्थना अवश्य करा. पण चाकेही पाहा. मिस्त्री थांबा म्हणाला तर थांबा. देवाची वाणी कधी कधी तेलकट हातांच्या माणसाच्या तोंडून येते. पोहोचायला उशीर होणार असेल तर पुढच्या गावी निरोप द्या, म्हणजे वाट पाहणाऱ्याला आपण विसरलो गेलो असे वाटणार नाही. आणि सारी काळजी घेऊनही गाडी अडली, तर चिडू नका, ‘देवाचा हेतू काय असेल’ याची कोडीही घालीत बसू नका. आजूबाजूला पाहा. कोणाची तरी शेकोटी पेटलेली असेल. तेथे जा, बसा, मिळेल ते कृतज्ञतेने खा, आणि बसण्यापूर्वी चार काटक्या वेचून न्या. परतल्यावर साक्ष द्याल तेव्हा ती पूर्ण द्या. स्वतःची चूक गाळून दिलेली साक्ष देवाची स्तुती करीत नाही. ती आपलीच करते.

बेथलेहेमात उतारशाळेचे दार बंद झाले तेव्हा योसेफाला देवाचा सारा हेतू समजला होता, असे शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही. मरियेने बाळाला कपड्यांत गुंडाळून गव्हाणीत ठेवले, एवढेच त्यात आहे. समोर जे काम होते ते त्या रात्री त्या माऊलीने केले. मोठमोठे अर्थ पुढे विद्वानांनी लावले.

ज्या घरांतून आज गव्हाणीचा देखावा मांडला आहे त्या घरांना, आणि घरापासून दूर कोणत्या तरी फलाटावर, घाटात किंवा बंद पडलेल्या गाडीपाशी ज्यांना आजची रात्र काढावी लागत आहे त्या सर्वांना, नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.